वजा केलेले वीस परत मिळणेबाबत

प्रति,
डॉ. यव्हॉन मॅक्लेमोर,
उपसंचालक, समाज-संवाद विभाग,
नगर आरोग्य कार्यालय,
हेल्म्सबरो, अलाबामा.

अर्जदार : वेंडेल क्रेनशॉ, वय ५९, धंदा केशकर्तन, दुकान व राहणे फाउंड्री रोड, हेल्म्सबरो.

विषय : रक्तदाबाच्या आकड्यांतून आपल्या सांगण्यावरून वजा केलेले वीस एकसष्ट पुरुषांना परत मिळणेबाबत, आणि एका मयताबाबत.

संदर्भ : १) गुरुवार, दि. १६ नोव्हेंबर २०२३ रोजीच्या गौरव समारंभाचे आपले निमंत्रण.
२) आपल्या कार्यालयाचा दि. ३ एप्रिलचा फोनवर ठेवलेला निरोप.

महोदया,

१. वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आपले निमंत्रण पोचले. ‘कृष्णवर्णीय पुरुषांचे आरोग्य : समाज आणि तज्ज्ञ यांचा संवाद’ या उपक्रमात अर्जदाराच्या दुकानाने उत्कृष्ट कामगिरी केली, दुकानात येणाऱ्या पुरुषांचा सरासरी रक्तदाब वर्षभरात बावीस अंकांनी खाली आला, सबब अर्जदारास सन्मानचिन्ह देण्यात येणार असून त्याने तीन मिनिटे मनोगत व्यक्त करावे, असे त्यात म्हटले आहे. अर्जदार समारंभास येणार आहे. तीन मिनिटे घेणारही आहे. ती कशी घेणार हे आपणास आधीच कळावे आणि ऐन वेळी व्यासपीठावर तोंड लपवायला जागा शोधावी लागू नये, म्हणून हा अर्ज.

२. पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहे, तरी ती कागदावर यावी. या वस्तीतले पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, हे आपल्या प्रत्येक अहवालाचे पहिले वाक्य असते. ते का जात नाहीत, हे एकाही अहवालात नसते. ते जातात. तीन तास बाकावर बसतात. मग त्यांचे नाव चुकीचे पुकारले जाते, आणि आत गेल्यावर संगणकाकडे बघत एक तरुण विचारतो, “दारू किती घेता?” विषयात म्हटलेला मयत, इझेल गेन्स, चर्चमध्ये डीकन म्हणजे पाद्र्याचा मदतनीस होता, आयुष्यात त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता, आणि त्यालाही हा प्रश्न तीनदा विचारला गेला. चौथ्यांदा तो गेलाच नाही.

अर्जदाराच्या खुर्चीत मात्र हीच माणसे दर दुसऱ्या शनिवारी येऊन बसतात. मानेभोवती कापड बांधले की त्यांचे तोंड सुटते. कोणाला रात्रीतून चार वेळा उठावे लागते, कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कोणाचे बायकोशी काय बिनसले आहे, हे अर्जदारास त्यांच्या पाद्र्याच्या आधी कळते. हे आपल्या कार्यालयाच्या लक्षात आले, ही गोष्ट चांगली झाली. गेल्या जानेवारीत आपण दुकानांना रक्तदाबाची यंत्रे दिलीत, दोन तासांचे शिक्षण दिलेत, नोंदवही दिलीत. अर्जदाराने त्या दिवशी कोट घातला होता. त्या कोटाची त्याला आता लाज वाटते.

३. यंत्राबरोबर दंडाला बांधायचा पट्टा आला तो एकाच मापाचा. फाउंड्री रोडवरचे पुरुष बिडाच्या पाइपांच्या ओतशाळेत तीस-तीस वर्षे काम केलेले. इझेलचा दंड सतरा इंच. पट्टा त्याच्या दंडाभोवती अर्ध्यावरच थांबे, चिकटपट्टी सुटून जाई आणि त्याला तो दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “वेंडेल, हे कोंबडीच्या तंगडीसाठी बनवलंय. माणसाचं कुठाय?”

अर्जदाराने मोठा पट्टा मागितला. फेब्रुवारीत फोनवर, फेब्रुवारीतच पत्राने, आणि मार्चमध्ये समक्ष येऊन. प्रत्येक वेळी सांगण्यात आले की मागणी पुढे पाठवली आहे. ती किती पुढे गेली, ते अर्जदारास आजतागायत समजलेले नाही.

४. शनिवार, दि. ११ मार्च रोजी टेकडीवरच्या हॉटेलात आपला संवाद झाला. अर्जदार आणि इझेल दोघेही हजर होते. व्यासपीठावर सहा तज्ज्ञ होते. आपण नेहमीप्रमाणे आपल्या वडिलांपासून, ऑसी मॅक्लेमोर यांच्यापासून सुरुवात केलीत, ते फाउंड्री रोडवर राहत, ओतशाळेत राबत आणि एक्कावन्नाव्या वर्षी गेले. सगळी माणसे गहिवरली. मग सहा तज्ज्ञ दोन तास आमच्याविषयी बोलले. शेवटची दहा मिनिटे आमच्यासाठी होती. त्यातली चार मिनिटे माइक हातोहात मागे येण्यात गेली.

इझेल उभा राहिला. त्याने बाही वर केली, दंड सगळ्या सभागृहाला दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, तुमचा पट्टा या हाताला पुरत नाही. तुमच्याकडे पुरुषाच्या मापाचा आहे का, की आम्ही सगळ्यांनी आधी बारीक व्हायचं आणि मग आजारी पडायचं?”

लोक हसले. आपणही हसलात. आपण म्हणालात, “छान मुद्दा मांडलात! वेळ कमी आहे, तेवढा कार्डावर लिहून द्या ना.”

त्याने लिहून दिले. सार्वजनिक कागदपत्रे मागण्याच्या कायद्याखाली अर्जदाराने ते कार्ड परत मिळवले असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर इझेलच्या मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले आहे : ‘मोठा पट्टा पाठवा. दंड सतरा इंच. इ. गेन्स.’ खाली आपल्या कार्यालयाचा शिक्का आहे : ‘प्रतिसाद – सकारात्मक. सहभागी आनंदी.’

५. त्यानंतर आपल्या कार्यालयातील श्री. केंडल यांना अर्जदाराने पुन्हा फोन केला. अर्जदार म्हणाला की पट्टा लहान असल्यामुळे आकडे फुगून येतात की काय अशी शंका आहे, मग लिहायचे काय? ते म्हणाले, “मॅडमना विचारून कळवतो.” दि. ३ एप्रिल रोजी त्यांनी निरोप ठेवला. तो अर्जदाराने पुसलेला नाही. त्याचे शब्द असे :

“मिस्टर क्रेनशॉ, डॉ. मॅक्लेमोर म्हणताहेत की मोठे पट्टे यायचेत, पण तोवर काम थांबायला नको. छोट्या पट्ट्यानं आकडा जास्तच येतो, तेव्हा सरसकट वीस वजा करून नोंदवत जा. वीस. फार छान चाललंय तुमचं!”

सरसकट. मिस्टर लोनी म्हणून एक पंचाहत्तरीचे गृहस्थ दुकानात रोज पटावर चेकर्स खेळायला येतात. त्यांचा हात झाडूच्या दांड्याएवढा आहे आणि पट्टा त्यांना नीट बसतो. वीस त्यांच्याही आकड्यातून गेले. त्यांनी त्याच दिवशी विचारले, “माझे कशापायी काढतोस रे? माझ्या हाताला काय धाड भरलीय?” अर्जदार म्हणाला, “वरून हुकूम आहे.” यावर ते म्हणाले, “मग दे सोडून. वरच्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कमी केलंय.” सगळे दुकान हसले.

आपल्या अहवालातील बावीस अंकांची घट ही अशी झालेली आहे. एप्रिलच्या आधी आकडे होते तसे लिहिले जात, एप्रिलनंतर वीस काढून. या कामाबद्दल आपणास राजधानीतून शाबासकी मिळाल्याचे वर्तमानपत्रात वाचले. त्या बाविसातले वीस आपले आहेत. वरचे दोन आमच्या दुकानाचे, त्यांचा हिशोब पुढे येत आहे.

६. येथून पुढे अर्जदारास लिहिणे जड जाते. तरी लिहितो.

आकड्यातून वीस काढायला सरकारची परवानगी आहे म्हटल्यावर दुकानात एक खेळ सुरू झाला. ज्याचा आकडा मोठा येई तो घासाघीस करू लागला. कॉफी प्यायल्याचे दहा. घाईने चालत आल्याचे दहा. घरी भांडण झाल्याचे दहा. भाव ठरवायचे काम मिस्टर लोनींकडे होते. आमची माणसे कशावरही हसतात, तशी ती यावरही हसली. जी गोष्ट सांगूनही कोणी सुधारत नाही, ती अंगाला लावून घ्यायची नाही, ही या रोडची जुनी रीत आहे. अर्जदाराने हा खेळ थांबवला नाही. गिऱ्हाईक हसत होते, आणि हसणारे गिऱ्हाईक परत येते.

शनिवार, दि. १४ ऑक्टोबर. इझेल सकाळी साडेनऊला आला. खुर्चीत बसता बसता म्हणाला, “डोकं ठणकतंय रे सकाळपासून. इथं, मागं.”

अर्जदार म्हणाला, “केस वाढलेत. उतरवले की हलकं वाटेल.”

हे वाक्य अर्जदाराने स्वतः उच्चारलेले आहे. त्यास साक्षीदार आहेत.

मग पट्टा बांधला. इझेलने सवयीने तो दुसऱ्या हाताने धरला. यंत्राने आकडा दाखवला. अर्जदाराने यंत्राचे तोंड स्वतःकडे वळवले.

“वाच की,” इझेल म्हणाला, “दातखीळ बसली का?”

“दोनशे चार. खाली एकशे अठरा.”

मिस्टर लोनी पटावरची मान न उचलता म्हणाले, “ऑसीच्या पोरीचे वीस काढ आधी.”

“एकशे चौऱ्याऐंशी.”

“कॉफी दोन कप झालीय माझी,” इझेल म्हणाला. “दोन कपांचे वीस.”

“दिले,” मिस्टर लोनी म्हणाले.

“मेहुणा येऊन राहिलाय. सोफ्यावर झोपतो आणि माझीच चप्पल घालतो.”

“त्याचे दहा. खरं तर पंधरा द्यायला हवेत, पण तुझा मेहुणा माझ्या ओळखीचा आहे, त्यालाही तुझा त्रास होत असेल.”

“आणि दुपारी मॅच आहे.”

“मॅचचे दहा सगळ्यांनाच.”

“एकशे चव्वेचाळीस,” अर्जदाराने जाहीर केले. “जा बाबा, तळलेले मासे खा.”

इझेल हसत उठला, आरशात मान वळवून पाहिली, म्हणाला, “खरंच हलकं वाटतंय रे,” आणि गेला. नोंदवहीत एकशे चव्वेचाळीस लिहिले गेले. तेच आपल्या कार्यालयात गेले, आणि तेच आपल्या सरासरीत मिसळले आहे.

मंगळवार, दि. १७ रोजी सकाळी कामावर निघताना इझेल बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तो पुन्हा उठला नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. वय छप्पन्न. त्याच्या पत्नीने अर्जदारास फोन करून विचारले, “शनिवारी मोजलं होतंस ना तू? ठीक होतं म्हणाला तो.” अर्जदाराने काय उत्तर दिले, ते या अर्जात लिहिण्याजोगे नाही.

७. आमच्यात माणसाची अखेरची हजामत त्याचा स्वतःचा न्हावी करतो, हे आपणास नव्याने सांगायला नको. शनिवार, दि. २१ रोजी सकाळी अर्जदार आपली पेटी घेऊन मिस्टर टॉलिव्हर यांच्या अंत्यविधीगृहाकडे निघाला असता दुकानाच्या दारातच पोस्टमनने एक पुडके हातात दिले. वर आपल्या कार्यालयाचा पत्ता होता. अर्जदाराने ते रस्त्यातच फोडले. आत मोठा पट्टा होता. सोबत छापील चिठ्ठी होती की विलंबाबद्दल दिलगीर आहोत आणि आपल्या अभिप्रायामुळेच आम्ही सुधारतो.

पट्टा अर्जदाराने पेटीत टाकला, कारण दुसरीकडे कुठे टाकावा हे सुचेना.

अर्जदाराने इझेलचे केस कापले. कानामागची रेघ वस्तऱ्याने नीट केली. मेल्यावर माणूस मान हलवत नाही, त्यामुळे रेघ एका झटक्यात सरळ येते, आणि ती तशी सरळ आलेली बघवत नाही. मग इझेलला कोट घालण्याआधी अर्जदाराने पेटीतून पट्टा काढला आणि त्याच्या उजव्या दंडाला बांधला.

मिस्टर टॉलिव्हर दारात उभे होते. म्हणाले, “वेंडेल, हे काय चाललंय?”

अर्जदार म्हणाला, “माप बघतोय.”

पट्टा बरोबर बसला. चिकटपट्टी पूर्ण लागली. शिक्षणाच्या वेळी सांगितले होते की आत दोन बोटे जातील इतकी जागा राहायला हवी. तेवढी राहिली. दुसऱ्या हाताने धरावा लागला नाही.

८. इथवरचे वाचून आपल्या मनात येईल की लहान पट्टा आकडा फुगवतो हे शास्त्र आहे. असेल. अर्जदार शास्त्राशी भांडत नाही. परंतु इझेलचा आकडा किती फुगला होता, हे आपणास ठाऊक नव्हते, केंडल यांना नव्हते आणि अर्जदारास तर मुळीच नव्हते. फुगा मोजायचे एकच साधन होते, त्याची मागणी आठ महिने आपल्याकडे पडून होती. कोणी मोजले नाही, आणि सगळ्यांनी मिळून वजा केले.

९. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) बावीस अंकांची घट जाहीरपणे रद्द करावी. वजा केलेले वीस एकसष्ट पुरुषांना ज्याच्या त्याच्या नावाने, लेखी आणि आपल्या सहीनिशी परत करावेत. मिस्टर लोनींचे त्यांना हातोहात द्यावेत, ते पोस्टावर विश्वास ठेवत नाहीत.

(आ) निमंत्रणासोबत आपण भिंतीवर लावण्यास एक मोठे चित्र पाठवले आहे, ‘संवादाने जीव वाचतो’ असे छापलेले. त्यावर इझेल हसतो आहे आणि त्याचा डावा हात छातीवरून पलीकडे गेला आहे. आपल्या कार्यालयाला ती कृतज्ञतेची खूण वाटली असावी. तो पट्टा धरून बसला आहे. हे चित्र काढून टाकू नये, अशी अर्जदाराची विनंती आहे. ते आपल्या कार्यालयात, आपल्या खुर्चीसमोर, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे आणि आपण त्या पदावर असेपर्यंत तिथेच ठेवावे. बदली झाल्यास सोबत न्यावे.

(इ) यापुढील प्रत्येक संवादात व्यासपीठावरील तज्ज्ञांनी आपल्या मापाहून दोन माप लहान सदरा गळ्यापर्यंत गुंड्या लावून घालावा. गुदमरू लागल्यास त्यांनी कार्डावर लिहून द्यावे. कार्डांची वर्गवारी करण्यास मिस्टर लोनी विनामूल्य तयार आहेत.

(ई) अर्जदारास मिळालेल्या तीन मिनिटांत फक्त नावे आणि आकडे वाचले जातील. आधी यंत्राने दाखवलेला, मग आपण मान्य केलेला. दुकानाच्या प्रतीत अर्जदाराने पहिल्यापासून दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत, यंत्राचा पेन्सिलीने आणि आपला पेनाने. अर्जदाराने घड्याळ लावून पाहिले. एका माणसास तीन सेकंद लागतात. एकसष्ट माणसांस तीन मिनिटे आणि वर तीन सेकंद. ती वरची तीन सेकंदे मंजूर व्हावीत. शेवटचे नाव इझेलचे आहे. सर्वांनी नाव वाचण्यास लेखी संमती दिली असून इझेलच्या वतीने त्याच्या पत्नीने सही केली आहे. ती सही करताना तिने पेन इतका दाबला की कागद फाटला. तो तसाच जोडला आहे.

१०. परंतु अर्जदाराची खरी मागणी वेगळी आहे. येत्या शनिवारी, दि. ११ रोजी सकाळी दहा वाजता आपण फाउंड्री रोडवरील दुकानात यावे. एकट्याने यावे. छायाचित्रकार आणू नये. दोन क्रमांकाच्या खुर्चीत बसावे. ती आपल्या वडिलांची खुर्ची. ऑसी मॅक्लेमोर त्याच खुर्चीत वीस वर्षे बसले. अर्जदार आपल्या मानेभोवती कापड बांधील. आपल्या केसांना हात लावणार नाही. कापड असेपर्यंत आपण बोलायचे नाही. जमलेला प्रत्येक पुरुष आपणास एक प्रश्न विचारील आणि आपण तो शेवटपर्यंत ऐकायचा. वेळ कमी नसेल. कार्डे नसतील. आपण सहा वर्षे ज्याला संवाद म्हणता, त्याची आमची बाजू एवढीच आहे.

आपल्या वडिलांची अखेरची हजामत अर्जदारानेच केली होती, हे आपण भाषणात कधी सांगत नाही. आपण तेव्हा कॉलेजातून तशाच धावत आल्या होतात. दारात उभ्या राहून म्हणालात, “मिस्टर वेंडेल, बाबांच्या मिशीची टोकं खाली गेलीत. ते सरळ ठेवायचे.” अर्जदाराने पाहिले, एका बाजूचे टोक किंचित खाली होते. त्याने ते सरळ केले आणि मनात म्हटले, पोरीची नजर काय आहे! त्या दिवशी आपणास एका केसाचा फरक दिसला होता. म्हणून अर्जदारास आपला राग येतो. कोणी परकी बाई असती तर त्याने एवढा कागद खर्च केला नसता.

११. ही मागणी केवळ रागापोटी आहे असे कोणी म्हणेल. रागापोटी आहेच. पण तिच्यावर एक माणूस अवलंबून आहे.

इझेलचा मुलगा टेरेन्स चौतीस वर्षांचा आहे. त्याच ओतशाळेत कामाला आहे आणि दंड बापाचेच आहेत. तो लहानपणापासून अर्जदारास काका म्हणत आला. अंत्यविधीनंतर मिस्टर क्रेनशॉ म्हणतो. गेल्या शनिवारी तो खुर्चीत बसला तेव्हा मानेची मागची बाजू सारखी चोळत होता. अर्जदाराने मोठा पट्टा काढला. टेरेन्सने हात कापडाखाली ओढून घेतला.

“नको. ते यंत्र खोटं बोलतं.”

अर्जदार म्हणाला, “ते खोटं बोललं नाही. ते दोनशे चार म्हणालं होतं.”

“मग खोटं कोण बोललं?”

दुकानात कोणी हसले नाही. मिस्टर लोनींनी पट मिटवला. अर्जदाराने वस्तरा खाली ठेवला आणि उभ्याने, सगळ्यांसमोर सांगितले. वीस कुठून आले ते सांगितले आणि उरलेले चाळीस कुठून आले तेही. कॉफीचे, मेहुण्याचे, मॅचचे. केस उतरवले की हलके वाटेल, हे वाक्यही सांगितले. वजाबाकी अर्जदाराने केली. म्हणजे मी केली. माझा मित्र माझ्या खुर्चीत बसून डोके दुखते म्हणाला आणि मी त्याचे केस कापले.

टेरेन्सने आरशातूनच अर्जदाराकडे पाहिले. मग म्हणाला, “हे अर्धं झालं. वीस सांगणारी कुठाय? तिला इथं आणा. तिनं माझ्यासमोर म्हणावं, मी वीस सांगितले. तुम्ही म्हणा, मी चाळीस काढले. दोघांनी एकदम म्हणा. मग बांधा काय बांधायचं ते.” एवढे बोलून तो कापड अंगावर असतानाच उठला, आणि अर्धी हजामत तशीच घेऊन गेला. तो या शनिवारी दहाला येणार आहे, उरलेली अर्धी करून घ्यायला.

आपण शनिवारी आलात तरी गुरुवार टळणार नाही. अर्जदार सूड घेणार आहे, सौदा करत नाही. नावे वाचली जातील आणि शेवटची तीन सेकंदे इझेलचीच असतील. एवढेच की बासष्टावा आकडा, टेरेन्सचा, वाचायची वेळ अर्जदारावर पुढच्या वर्षी येऊ नये. ते आपल्या हातात आहे, आणि अर्धे आधीच झालेले आहे.

दुकानाचे दार शनिवारी आठला उघडते. दोन क्रमांकाची खुर्ची कोणाला दिली जाणार नाही.

आपल्या वडिलांचा न्हावी, आणि म्हणून अद्याप आपला नम्र,

(सही)
वेंडेल क्रेनशॉ
हेल्म्सबरो, दि. ८ नोव्हेंबर २०२३

सोबत :
१) इझेल गेन्स यांच्या कार्डाची प्रत, शिक्क्यासह.
२) दि. ३ एप्रिलचा निरोप, तबकडीवर उतरवून.
३) नोंदवहीच्या दुकानातील प्रतीची नक्कल, पेन्सिलीचे आणि पेनाचे आकडे.
४) एकसष्ट संमतिपत्रे. मिस्टर लोनींनी दोनदा सही केली आहे, एक मोजू नये.
५) लहान पट्टा, वापरलेला. परत करण्यात येत आहे.

मोठा पट्टा जोडलेला नाही. तो येथे लागणार आहे.